आतड्याला सूज असताना काय खावे?

शौचावाटे रक्त पडले की वस्तीत पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. पुष्कळदा ती असतेही. पण महिना महिना जुलाब, रक्त, शेम, पोटात मुरडा आणि वजनात घट असे चालू असेल, तर ती आतड्याची दीर्घकालीन सूज असू शकते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा होतात. क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसतो आणि आपल्याकडे टीबी भरपूर आहे. म्हणून तपासणीआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. टीबी असला तर त्यांनी तो बळावतो.

"तिखट खाल्लंस म्हणून झालं" असे रोग्याला टोचून बोलू नये. तिखटाने आग वाढेल, पण आजार तिखटामुळे होतो असे सिद्ध झालेले नाही.

लहान मुलांच्या क्रोन्समध्ये मात्र आहार हेच औषध ठरते. ६ ते ८ आठवडे घरचे जेवण बंद ठेवून फक्त पोषक द्रव आहार देतात. त्याने सूज स्टेरॉइडइतकीच उतरते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे, दुकानातली कुठलीही पावडर पाजून नव्हे.

मोठ्या माणसांसाठी अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. गहू-तांदूळ, साखर सगळे बंद करणारे कडक पथ्य एकीकडे. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे असलेला भूमध्य समुद्राकाठचा साधा आहार दुसरीकडे. सहा आठवड्यांनंतर क्रोन्सच्या रोग्यांत कडक पथ्य सरस ठरले नाही. मग महागड्या पथ्यापायी कर्ज कशाला काढायचे? "मासे-अंडी सोडा, बरे व्हाल" हा सल्लाही ऐकू नका. रक्त जात असलेल्या शरीराला प्रथिने आणि लोह हवेच.

आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, केळे, शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा द्या. सालीची उसळ, कच्चा मुळा, मक्याचे कणीस तेवढे दिवस नको. दूध सोसत नसेल तर दही घेऊन पाहा. सोसत असेल तर दूध बंद करण्याचे कारण नाही. आजार शांत झाला की भाकरी, डाळी, भाज्या हळूहळू परत सुरू करा. आतडे अरुंद झाले आहे असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर चोथ्याचे पदार्थ त्यांना विचारूनच. वेफर्स, नूडल्सची पाकिटे, थंड पेये कमी केलेली बरी. क्रोन्समध्ये विडी-सिगारेट पूर्ण बंद.

सार्वजनिक शौचालयाची रांग टाळायला बायाबापड्या दिवसभर उपाशी राहतात, पाणीही पीत नाहीत. त्याने अशक्तपणा वाढतो, जुलाब थांबत नाहीत. थोडे थोडे चार-पाच वेळा खावे, जुलाबात ओआरएस प्यावे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. पोट फुगले, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, असे झाले तर सकाळची वाट न पाहता रोग्याला रुग्णालयात न्या.