एडीएचडी : खोडकरपणा की आणखी काही?

शिक्षक मित्रांनो, लोणार सरोवराच्या सहलीत रांग सोडून पळणाऱ्या मुलाला लगेच व्रात्य ठरवू नका. लक्ष टिकत नाही, स्थिर बसवत नाही, असं घरी आणि शाळेत दोन्हीकडे किमान ६ महिने दिसलं, तर एडीएचडी असू शकतं. लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसतात. गप्प बसून हरवलेल्या मुली मात्र सुटून जातात. वयानुसार धावपळ कमी होते. विसरणं, कामं अर्धवट सोडणं अनेकांत मोठेपणीही राहतं.

उपाय : पुढची जागा, छोट्या सूचना, पालकांना मार्गदर्शन, गरजेनुसार डॉक्टरांचं औषध.

२०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीचा समावेश आहे. शाळेत तपासणी पथक आलं, की अशा मुलांबद्दल नक्की सांगा. निदान मात्र डॉक्टरांनाच करू द्या.