प्लग काढला तरी मशीन जिवंत असतं



आषाढात आम्ही औंढ्याला गेलो होतो ते बायकांचं हिमोग्लोबिन तपासायला. एका घराच्या पडवीत सतरंजी टाकून बसलो होतो, बाहेर पाऊस कोसळत होता. दहा-बारा जणींचं झालं असेल, तेवढ्यात एक आई आपल्या विशीतल्या पोराला दंडाला धरून घेऊन आली. "सिस्टर, माझं राहू द्या, आधी याचा हात बघा." उजव्या अंगठ्याच्या बाजूला मसुराएवढा करडा डाग, मधे खोलगट, कडा पांढरट. दुखत नाही, म्हणाला. आम्ही खोदून विचारल्यावर कळलं, की आदल्या रात्री त्यानं डीजेचा ॲम्प्लिफायर खोलला होता. "पण प्लग काढला होता, सिस्टर. आईशप्पथ काढला होता."

पोरगा खोटं बोलत नव्हता. म्हणूनच या वेळचं आरोग्य पान या विषयावर लिहीत आहोत. रक्तक्षयाचा लेख पुढच्या अंकात.

मावळात हा प्रकार पावसाळ्यातच का होतो, ते आधी समजून घ्या. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा पट्टा. आषाढ लागला की लग्नं थांबतात, हळदीच्या ऑर्डरी थांबतात. बेस, टॉप, मिक्सर, ॲम्प्लिफायर असा सगळा सेट पडवीत ताडपत्रीखाली जातो. तिथं ओल लागते, उंदीर वायरी कुरतडतात. मग गणपतीच्या तोंडावर किंवा लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्यावरची ऑर्डर आली की सेट बाहेर निघतो आणि चालू होत नाही. मेकॅनिक गाठायचा तर तळेगाव नाहीतर पुणं, आठवडाभराची वाट आणि वर हजार-दोन हजार. इकडे सेट घेतलेला आईच्या बचत गटाच्या कर्जावर, हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी पोरगं मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघतं आणि पेचकस हातात घेतं. त्याला उडाणटप्पू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्ही तसं म्हणणार नाही. जयंतीला डीजे असावा की नसावा, हा वादही दुसऱ्या पानाचा. सेट घरात आहे आणि त्यावर घर चालतं, इथून आम्ही सुरुवात करतो.

आता त्या अंगठ्याकडे येऊ. प्लग काढलेल्या मशीनमधून शॉक कसा बसला?

आम्ही नोकरीत असताना कॅज्युअल्टीत एक मशीन असायचं. पेशंटचं हृदय नीट आकुंचन न पावता नुसतं फडफडायला लागलं की छातीवर दोन पॅडल ठेवून शॉक द्यायचा. शॉक देण्याआधी ते मशीन काही सेकंद 'चार्ज' व्हायचं. त्या काही सेकंदांत आतला एक कपॅसिटर भरत असतो, ज्याला आपली पोरं कंडेन्सर म्हणतात. भरला की तो पेशंटच्या छातीतून रिकामा करायचा. मोठ्या माणसाला साधारण १२० ते २०० ज्यूल.

तसेच कंडेन्सर तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये असतात. वीज साठवून ठेवणं हेच त्यांचं काम, म्हणजे बेसचा दणका आला की लागणारा जोर त्यांच्यातून मिळतो. आजकालच्या हलक्या वजनाच्या मशीनमध्ये भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत शिरल्या शिरल्या सरळ करून साठवली जाते, आणि तिथं ती ३२५ व्होल्टच्या आसपास असते. एक हजार मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर तेवढ्यावर भरलेला असेल, तर त्यात ५० ज्यूलपेक्षा जास्त वीज असते. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये व्होल्ट कमी, पण कंडेन्सर डब्याएवढे मोठे. तिथंही हिशेब थोड्याफार फरकानं तेवढाच. जो धक्का फडफडणारं हृदय ताळ्यावर आणतो, तोच चांगल्या चालणाऱ्या हृदयाची लय बिघडवू शकतो.

"पण सिस्टर, तो थोड्या वेळानं आपोआप उतरतो ना?" असं तिथल्या एका पोरानं विचारलं. प्रश्न चांगला होता. चांगल्या मशीनमध्ये कंडेन्सर रिकामा करणारा एक रेझिस्टर बसवलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा उतरतो. पण तुम्ही खोलता ते बिघडलेलं मशीन. त्यात तोच रेझिस्टर जळालेला असला तर? पाच मिनिटं थांबलात काय आणि तासभर थांबलात काय, बाहेरून बघून काही कळत नाही. काहीजण पेचकसाचं टोक दोन्ही पायांना लावून कंडेन्सर 'उडवतात'. ठिणगीसोबत वितळलेल्या धातूचे कण उडतात आणि ते डोळ्यात जातात. असा डोळा आम्ही पाहिला आहे. जाणता मेकॅनिक मीटर लावून व्होल्ट मोजतो, बल्ब किंवा रेझिस्टर लावून सावकाश रिकामा करतो, पुन्हा मोजतो, आणि मशीन पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर लावतो, म्हणजे आत शॉर्ट असला तर बोर्डावरचा बल्ब पेटतो, मशीन जळत नाही. मेकॅनिक निवडताना एवढं बघा. ज्याच्याकडे सिरीज बोर्ड नाही, त्याच्याकडे मशीन देऊ नका.

शॉक किती लागला तर माणूस जातो, हेही आकड्यांत सांगतो. एक मिलिॲम्पिअरला झिणझिण्या येतात. दहाच्या पुढे गेलं की मूठ आवळते आणि सोडवत नाही. पन्नास ते शंभरच्या घरात हृदय फडफडायला लागतं. ओल्या हाताचा माणूस २३० व्होल्टला चिकटला तर अंगातून दोनशेच्या वर जाऊ शकतात. घरात आरसीसीबी असेल तर तो ३० मिलिॲम्पिअरची गळती होताच वीज तोडतो, तो बसवून घ्याच. पण वीज अंगातून जमिनीत गळाली तरच त्याला कळतं. कंडेन्सरचा शॉक त्याला दिसत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तरी त्याला दिसत नाही, आणि ती वाट तर सरळ छातीतून जाते.

दुसरा घरगुती 'उपाय' तर याहून वाईट. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज यायला लागला की पोरं प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, कापून टाकतात. आवाज जातो, हे खरं. पण मशीनचा पत्रा, मिक्सर, माइकची जाळी यांना धरून ठेवणारा एकुलता एक धागाही त्याबरोबर जातो. पुढे आत कुठं वायर सुटून पत्र्याला लागली, की माइक हातात घेणारा माणूसच अर्थिंग होतो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नीट नसलेला माइक त्याच्या हाताला लागला होता. वय २७. आपल्याकडे माइक कोण धरतं? गायक पोरगा, सूत्रसंचालन करणारी मुलगी, वंदना म्हणणारे आजोबा.

गाडीवर सेट आणि जनरेटर चढला की धोका आणखी वाढतो. ३१ जुलै २०२२ च्या रात्री पश्चिम बंगालमध्ये कूचबिहार जिल्ह्यात यात्रेकरूंच्या पिकअप गाडीत करंट उतरला आणि दहा जण दगावले. गाडीत मागे डीजेसाठी जनरेटर होता आणि त्याच्या वायरिंगमधूनच हे झालं असावं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री, जयंतीच्या आदल्या दिवशी, विरारच्या कारगिलनगरमध्ये आपल्याच मिरवणुकीतल्या गाडीवरच्या लोखंडी सळीतून करंट उतरून दोन जण गेले, काहीजण भाजले. तिथं बिघाड मशीनचा नव्हता, उंचीचा होता. गाडी सजवल्यावर तिची उंची बांबूनं मोजा आणि मार्गावरच्या तारा दिवसाउजेडी बघून या.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं. केबल दोन्ही बाजूंनी काढून तिच्या पिना झाळणं, तुटलेला जॅक बदलणं, मिक्सरचा खरखरणारा फेडर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच असलेल्या क्लीनरनं साफ करणं (स्वयंपाकघरातलं तेल नको, त्यावर धूळ बसते, आणि क्लीनरचा फवारा पेट घेतो, म्हणून जवळ विडी नको), पंख्याच्या जाळीची धूळ ब्रशनं काढणं, ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या बेसमधला फाटका कोन बदलणं, ही कामं पोरांनी जरूर शिकावीत. निम्म्याहून जास्त वेळा बिघाड केबलमध्येच असतो, असं आम्हाला मेकॅनिक सांगतात. बाहेरून बदलता येणारा फ्यूज बदलायचा तर जेवढ्या ॲम्पिअरचा होता तेवढ्याचाच. तांब्याची तार नाही, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरीही नाही. नवा फ्यूज लगेच उडाला तर दोष फ्यूजचा नाही, आत आहे. तिथं हात थांबवायचा. ॲम्प्लिफायरचं झाकण, चार्जिंगच्या ट्रॉली स्पीकरचा पॉवरचा भाग आणि शार्पी या तीन गोष्टी घरी उघडायच्या नाहीत. शार्पीचा दिवा पेटवायला हजारो व्होल्ट लागतात आणि आतला वायू दाबाखाली असतो. दिवा गरम असताना फुटला तर काचा चेहऱ्यावर येतात.

झाळताना खिडकी उघडी ठेवा. धूर निघतो तो राळेचा आणि दमेकऱ्याला तो सोसत नाही. आपल्याकडच्या साध्या सोल्डरच्या तारेत शिसंही असतं. ते मुख्यतः बोटांवाटे पोटात जातं, म्हणून तार दातात धरू नका, काम झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, आणि रांगतं मूल असलेल्या खोलीत हे काम नको. सेट वाजतो का बघायला टॉपच्या भोंग्याला कान लावणारी पोरंही आम्ही पाहिली. एका दणक्यात आयुष्यभराची कानात शिट्टी बसू शकते.

आता शॉक बसल्यावर काय करायचं ते. धरायला धावू नका, आधी वीज तोडा, म्हणजे मेन स्विच किंवा जनरेटर बंद करा. तेवढा वेळच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला बाजूला ढकला. हे फक्त घरच्या विजेसाठी. वरच्या मोठ्या तारेचा करंट असेल तर लांब राहा आणि महावितरणला वीज बंद करायला लावा. मग माणसाला हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वासही नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर आ वासतो तसे अडखळते आचके आहेत, तर हृदय बंद आहे असं समजा. एकानं १०८ ला फोन करायचा, दुसऱ्यानं छाती दाबायची. मातीत पुरणं, अंगावर पाणी ओतणं, कांदा हुंगवणं यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

माणूस कडक जमिनीवर उताणा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रशिक्षणात हा वेग शिकवताना आम्हाला नेहमी टाळ्या वाजवाव्या लागतात. औंढ्यात मात्र आम्ही आकडा सांगायचा अवकाश, तो पोरगा म्हणाला, "म्हणजे एकशेदहा बीपीएम." त्यानं मोबाइलवर तो ठेका लावला आणि जमिनीवर ठेवलेल्या उशीवर सात-आठ पोरांनी आळीपाळीनं दाबून दाखवलं. एकाचाही ठेका चुकला नाही! दोन मिनिटांत हात थकतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तोंडानं श्वास देणं येत नसेल तर नुसतं दाबत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

शुद्धीवर असलेल्याचं काय? 'काही नाही झालं, जरा झटका बसला' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. विजेचा डाग बाहेरून मसुराएवढा असतो आणि आत मांस बरंच जळालेलं असू शकतं. भोवळ आली होती, छातीत धडधडतंय, हाताला मुंग्या आहेत, शॉक एका हातातून दुसऱ्या हातात गेला, किंवा लघवी काळ्या चहासारखी होतेय, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना आणि ईसीजी. लघवीचा रंग बदलणं म्हणजे जळालेल्या स्नायूंचा मळ मूत्रपिंडात साठतोय, तिथं एक दिवसही थांबायचं नाही. भाजलेल्या जागेवर वीज तोडल्यानंतर वीस मिनिटं वाहतं पाणी धरायचं, अंगठी-कडं लगेच काढायचं. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही.

त्या पोराला आम्ही त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात पाठवलं. ईसीजी नीट आला, अंगठ्यावर ड्रेसिंग झालं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मशीन तळेगावला मेकॅनिककडे गेलं आहे. त्याची आई संध्याकाळी परत पडवीत आली, आता माझं बघा म्हणाली. तिचं हिमोग्लोबिन आठ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, महिन्यानं पुन्हा तपासायला जाणार आहोत.