चार दिवसांचं चक्र : मादी उंदराची संप्रेरकं आणि ऊती



दहावीच्या पुस्तकात तुम्ही २८ दिवसांचं ऋतुचक्र शिकलात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही नावं पाठही केलीत. आता एक प्रश्न विचारते. ही संप्रेरकं फक्त गर्भाशयापुरतीच काम करतात का? उत्तर शोधण्यासाठी आज आपण प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या मादीकडे बघू.

चक्राचे टप्पे

ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांना ‘माजावर येणे’ म्हणजे काय ते माहीत आहे. उंदराच्या मादीचं चक्रही माजाचंच असतं. ते अवघ्या ४ ते ५ दिवसांत पूर्ण होतं. तिला मासिक पाळी येत नाही, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर रक्तासोबत बाहेर पडत नाही. चक्राचे चार टप्पे असे:

१. प्रोइस्ट्रस (माजाच्या आधी): सुमारे १२ ते १४ तास. पुटिका वाढतात, इस्ट्रोजेन सर्वांत वर पोहोचतं. मग दुपारनंतर पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची मोठी लाट येते.
२. इस्ट्रस (माज): साधारण एक दिवस. याच्या पहाटे अंडमोचन होतं. इस्ट्रोजेन तोपर्यंत खाली आलेलं असतं.
३. मेटइस्ट्रस: ६ ते ८ तास. पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतं.
४. डायइस्ट्रस: दोन दिवसांहून थोडा जास्त. गर्भ राहिला नसेल तर पीतपिंड निकामी होतं आणि नव्या पुटिका वाढू लागतात.

ऊतींमध्ये काय घडतं?

आधी योनिमार्ग पाहू. इस्ट्रोजेनमुळे त्याचं अस्तर जाड होतं आणि वरच्या पेशींत केराटिन भरतं. तेच केराटिन, जे आपल्या नखांत असतं. योनिमार्गातला थेंबभर स्राव काचपट्टीवर घेतला की टप्पा ओळखता येतो. प्रोइस्ट्रसमध्ये केंद्रक असलेल्या गोल पेशी दिसतात. इस्ट्रसमध्ये केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी दिसतात, तर डायइस्ट्रसमध्ये मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशी. ही पद्धत स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये गिनीपिगवर दाखवली. हेच ते पापानिकोलाऊ, ज्यांच्या नावावरून स्त्रियांची ‘पॅप’ तपासणी ओळखली जाते. १९२२ मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी उंदराच्या चक्राचं सविस्तर वर्णन केलं.

पण हे सगळं अंडाशयातल्या संप्रेरकामुळेच होतं, हे कशावरून? १९२३ मध्ये ॲलन आणि डॉइझी यांनी अंडाशय काढलेल्या माद्यांना डुकराच्या पुटिकांमधला द्रव टोचला. अंडाशय नसतानाही अस्तरात माजाचे बदल दिसले! कारण सापडलं.

आता गर्भाशय. प्रोइस्ट्रसमध्ये त्यात द्रव साचतो आणि ते फुगून टम्म होतं. पुढे द्रव निघून जातो, गर्भाशय पुन्हा बारीक होतं.

आणि मेंदू? १९९० मध्ये वूली, मॅकएवन आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागातल्या चेतापेशी तपासल्या. या पेशींच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात, तिथे दुसऱ्या पेशींचे संदेश पोहोचतात. प्रोइस्ट्रस ते इस्ट्रस या २४ तासांत एका विशिष्ट भागात त्यांची घनता सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. एका दिवसात, बरं का!

हे कसं शक्य होतं? संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीत त्याचा ग्राही असतो तीच पेशी थेट प्रतिसाद देते. कुलूप आणि किल्लीसारखं समजा. इस्ट्रोजेनची कुलपं गर्भाशयात आहेत, तशी हाडांत, रक्तवाहिन्यांत आणि मेंदूतही आहेत.

मग अडचण कुठे आली?

‘माद्या सारख्या बदलतात, प्रयोग बिघडवतात’ असं म्हणून अनेक वर्षं बरेच संशोधक फक्त नरांवर प्रयोग करत राहिले. बीअरी आणि झुकर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार, चेताविज्ञानात फक्त मादीवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास होते.

आता गंमत बघा. २०१४ मध्ये छोट्या जातीच्या उंदरांवरचे २९३ शोधलेख एकत्र तपासले गेले. चक्राचा टप्पा न पाहता घेतलेल्या माद्यांची मापंसुद्धा नरांपेक्षा जास्त विखुरलेली नव्हती! कारण नरही काही स्थिर नसतात. एकत्र ठेवले की त्यांच्यात वरचढपणासाठी झगडे होतात, संप्रेरकं वरखाली होतात. म्हणजे चक्र खरं आहे, पण ते मादीला वगळण्याचं कारण होऊ शकत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध? औषध स्त्री आणि पुरुष दोघंही घेतात. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं उदाहरण घ्या. ती बाजारात आल्यावर अनेक वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रियांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला. सकाळी स्त्रियांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं आणि गाडी चालवणं धोक्याचं ठरत होतं. जे तपासलंच नाही, ते कळणार तरी कसं?

लक्षात ठेवा : संप्रेरक हा साऱ्या शरीराला दिलेला निरोप आहे. तो कोणत्या ऊतीला ऐकू येतो, हे ग्राही ठरवतो.

स्वाध्याय

१. काचपट्टीवर केंद्रक नसलेल्या चपट्या पेशीच दिसल्या, तर मादी कोणत्या टप्प्यात आहे?
२. ॲलन आणि डॉइझी यांनी आधी अंडाशय का काढलं असेल?
३. फक्त नरांवर तपासलेलं औषध सर्वांना देणं योग्य आहे का? तुमचं मत पाच ओळींत लिहा.