हवाईसुंदरीची झोप

‘हवाईसुंदरी’ हा शब्द आता वर्तमानपत्रांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माझ्या विद्यार्थिदशेत तो सर्रास वाचायला मिळे. ‘एअर होस्टेस’ या इंग्रजी नावात निदान आतिथ्याचे काम तरी सुचवलेले होते. मराठीने काम गाळले आणि रूप तेवढे ठेवले. आज आपण ‘केबिन क्रू’ म्हणतो आणि त्यात मुलगेही पुष्कळ असतात. पण शब्द गेला तरी त्यामागची दृष्टी गेलेली नाही. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थिनी विमानसेवेच्या प्रशिक्षणाची माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत उंची, वजन, दात, इंग्रजी संभाषण या सर्वांविषयी मजकूर असतो; झोपेविषयी एक ओळ नसते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तेव्हा ती राहिलेली ओळ येथे थोडी विस्ताराने लिहितो.

या व्यवसायाचा आरंभ सौंदर्यातून झालेला नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. एलन चर्च या अमेरिकन परिचारिकेने १५ मे १९३० रोजी पहिली प्रवासी-परिचारिका म्हणून उड्डाण केले. त्यांना विमान चालवता येत होते, पण वैमानिक म्हणून स्त्रीला घेण्यास कंपनी तयार नव्हती. ऑकलंड ते शिकागो हा तो प्रवास १३ थांबे घेत सुमारे २० तासांत झाला. म्हणजे लांबलचक पाळी या नोकरीच्या जन्मापासूनच तिला चिकटली आहे. पुढे जाहिरातदारांनी परिचारिकेची सुंदरी केली. आपल्याकडे तर पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याचा नियम एअर इंडियात होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात रद्द ठरवला.

मग या लोकांचे खरे काम कोणते? चहा-फराळ वाटणे हे दिसणारे काम. कायद्याच्या दृष्टीने मात्र साधारणपणे ५० आसनांमागे एक कर्मचारी विमानात असावाच लागतो, तो आपत्तीत प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी. नव्या बनावटीच्या विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी निम्मी दारे बंद ठेवून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे दाखवावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक विमानातील पाच जण गेले. प्रवासी विमानातील ३७९ माणसे मात्र जिवंत बाहेर आली. आठांपैकी तीनच दारे वापरण्याजोगी उरली होती, उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी कर्णे घेऊन आणि ओरडून लोकांना वाट दाखवली. कोणते दार उघडावे आणि कोणते उघडू नये, हा निर्णय खिडकीबाहेरची आग पाहून क्षणात घ्यायचा असतो. असा निर्णय जागा मेंदू घेतो. झोपाळलेला मेंदू तो उशिरा घेतो किंवा चुकीचा घेतो.

आता आपल्या विषयाकडे वळू. लाजाळूचे झाड सर्वांनी पाहिलेले आहे. ते स्पर्शाने मिटते, तसेच रात्रीही मिटते. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात कोंडून ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सूर्य दिसत नसताना झाडाला वेळ कळत होती. अशीच एक घड्याळयंत्रणा आपल्यातही आहे. तिचे मुख्य केंद्र मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर आहे, आणि ते डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर आपली वेळ लावून घेते. हे घड्याळ पेशींतील जनुकांच्या पातळीवर कसे चालते, हे फळमाशीवर संशोधन करून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोपेचे दोन कारभारी आहेत, असे मी वर्गात सांगतो. पहिला हिशेबनीस. आपण जितका वेळ जागे राहू तितकी मेंदूत ॲडेनोसिन या द्रव्याची थकबाकी साचत जाते आणि झोपेचा तगादा वाढतो. कॉफी ही थकबाकी फेडत नाही. तगादेदाराला काही तास दाराबाहेर उभे करते, इतकेच. दुसरा कारभारी म्हणजे वर सांगितलेले घड्याळ. ते थकबाकी पाहत नाही, वेळ पाहते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान किमान पातळीला जाते आणि सावधपणाही तळ गाठतो. उलट, नेहमीच्या निजण्याच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ माणसाला हट्टाने जागे ठेवते. ज्याला पहाटे अडीचला उठायचे आहे त्याने संध्याकाळी सातला झोपावे, हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो. अंथरुणावर पडता येते, झोप येत नाही.

या घड्याळाला आज्ञा करता येते का, हे पाहण्यासाठी नॅथनिएल क्लाइटमन १९३८ साली आपल्या सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस पाळू लागले. तरुण सहकाऱ्याचे शरीर बरेच जुळले. स्वतः क्लाइटमन यांचे मुळीच जुळले नाही. आपले अंगभूत घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठे असते, म्हणून दिवस लांबवणे त्याला सोपे आणि आखूड करणे अवघड जाते. पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा पूर्वेकडचा प्रवास अधिक त्रास देतो, त्याचे कारण हेच. ढोबळ मानाने एका तासाचा फरक पचवायला एक दिवस लागतो. भारत आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात ऋतूप्रमाणे साडेबारा ते साडेतेरा तासांचा फरक आहे. तेथे जाऊन दोन-तीन दिवसांत परतणाऱ्या माणसाचे घड्याळ कोठल्याच गावचे राहत नाही.

परंतु थकवा फक्त सातासमुद्रापलीकडच्या उड्डाणांत असतो, असा समज करून घेऊ नये. माझी एक माजी विद्यार्थिनी देशांतर्गत विमानसेवेत आहे. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. गेल्या गणपतीत ती घरी आली असता तिने सांगितलेला एक दिवस हिशेबासाठी घेऊ. विमान सुटणार सकाळी सहाला. हजेरी पाचला. गाडी दारात चारला. केस, साडी, रंगभूषा यांना पाऊण तास तरी हवाच, कारण त्यात कसूर झाली तर शेरा मिळतो. म्हणजे उठणे तीनला. आदल्या रात्री ती साडेदहाला निजली. झोप साडेचार तास. त्यानंतर चार उड्डाणे, प्रत्येक सव्वा ते दीड तासाचे, आणि मध्ये जमिनीवर पाऊण-पाऊण तास. या मधल्या वेळात विमान स्वच्छ झाले की नाही पाहणे, सुरक्षा तपासणी, नव्या प्रवाशांना बसवणे, सामान चढवणे. दुपारी दोनला सुटी. उड्डाणाचे तास साडेपाचच्या आसपास, ड्यूटीचे तास नऊ, आणि ती जागी होऊन झालेले तास अकरा. तिचा उड्डाणभत्ता या तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्यावर मोजला जातो. जमिनीवरच्या याच न मोजलेल्या कामासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला होता.

विश्रांतीचाही हिशेब असाच फसवा असतो. कागदावर दहा तास विश्रांती लिहिली, तर त्यातून हॉटेलला जाण्यायेण्याचा वेळ, जेवण, आंघोळ, पुन्हा तयारी वजा जाता सहा उरतात. ते सहा तास दुपारी बारा ते संध्याकाळी सहा असे आले, तर झोपेच्या भाषेत त्यांची किंमत आणखी घटते. आपल्या उद्यमबागेतील फाउंड्रीत रातपाळी करणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवसा झोपलेला माणूस किती झोपतो, हे त्याच्या घरातल्यांनाही ठाऊक असते. पण त्याची पाळी ठरावीक दिवसांनी बदलते. मुक्कामी एस.टी.चा कंडक्टरदेखील कोणत्या गावात निजणार हे जाणून असतो. केबिन कर्मचाऱ्याची पाळी एकाच आठवड्यात पहाटेची, दुपारची आणि रात्रीची अशी तिन्ही असू शकते.

हवेतले वातावरणही मदत करीत नाही. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर ५४०० फूट आहे. म्हणजे कळसूबाईहून उंच जागी, अत्यंत कोरड्या हवेत, ढकलगाडी ढकलत दिवस काढायचा.

थकव्याचे मोजमाप करता येते का? येते. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसांइतकी घसरली. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. भारतात वैमानिकांची आणि केबिन कर्मचाऱ्यांची उड्डाणापूर्वी श्वासपरीक्षा होते, आणि ती व्हावी. पण सकाळी आठला उठलेली, दुपारी झोप न लागलेली मुलगी रात्री दहाला नळीत फुंकर मारते आणि यंत्र तिला निर्दोष ठरवते. मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमारास तिचे १७ तास पूर्ण होतात. तोवर विमान समुद्रावर असते.

येथे आपल्याच राज्यातील एका घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ पैकी १५८ माणसे मृत्यू पावली. आठ वाचली, ती सर्व प्रवासी. चौकशीत कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आढळला. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे, असे सहवैमानिकाने सुचवूनही कॅप्टनने तो चालू ठेवला. दीर्घ झोपेतून नुकत्याच उठलेल्या मेंदूवर काही काळ राहणारी गुंगी हे त्यामागचे एक कारण अहवालाने नोंदवले. तेच विमान, तेच कर्मचारी रात्री मंगळूरहून दुबईला जाऊन परतत होते. केबिनमधील चौघेही त्याच रात्रीचे जागलेले होते. त्यांच्या थकव्याची चर्चा मात्र झाल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

हा विसर केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ विमान पडून ५० जण गेले, आणि वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यांच्यासाठी किमान दहा तास विश्रांतीचा नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाला. केबिन कर्मचाऱ्यांची विश्रांती तोवर नऊ तास होती आणि ती आठपर्यंत कमी करण्याची मुभा होती. त्यांना दहा तास देण्याचा कायदा २०१८ साली झाला आणि प्रत्यक्ष नियम निघाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. एकाच विमानात, एकाच रात्री जागणाऱ्या दोन माणसांच्या झोपेत आठ वर्षांचे अंतर! भारतात जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे सुधारित नियम आले, तेही वैमानिकांसाठी. ते पूर्णपणे लागू होताच डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. यावरून कंपन्यांचे वेळापत्रक किती माणसांच्या झोपेवर उभे होते, याचा अंदाज यावा. दूरदर्शनच्या पडद्यावर ताटकळलेले प्रवासी दिसले. त्यांचा संताप समोर काउंटरवर उभ्या असलेल्यांनी झेलला.

या नोकरीस जाऊ नका, असे मी कोणाला सांगत नाही. माझी ती विद्यार्थिनी पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण करते आहे आणि तिला काम आवडते. मुलाखतीला जाणाऱ्यांनी मात्र माहितीपत्रकात नसलेल्या काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. महिन्याचे वेळापत्रक किती दिवस आधी हाती येते? लागोपाठ किती रात्री काम असू शकते? विश्रांतीचे तास विमानाचे दार उघडल्यापासून मोजतात की हॉटेलच्या खोलीत पोचल्यापासून? आणि झोप न झाल्यामुळे आज उड्डाण करण्यास मी असमर्थ आहे, असे कळवल्यास ती नोंद थकव्याच्या रकान्यात होते की गैरहजेरीच्या? या शेवटच्या प्रश्नावर माझी विद्यार्थिनी हसली आणि म्हणाली, “सर, आम्ही ताप आलाय असं सांगतो.”