वादळात मोडलेल्या झाडांची जखम

दिनांक 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा मोडल्या. आंब्याचे मोडलेले लाकूड पुन्हा सांधत नाही. सालीखालील वाढीचा थर कडेने पसरून जखम वर्षानुवर्षे झाकीत जातो. फाटका खुंट राहिल्यास जखम झाकली जात नाही, पाणी मुरते व लाकूड कुजते. यास्तव मोडकी फांदी तिच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता करवतीने साफ कापावी व कापावर बोर्डो मलम लावावे.

नारळ-सुपारीच्या खोडात असा थर नसतो. तेथील जखम कधीच भरून येत नाही. शेंडा मोडलेला माड काढून नवे रोप लावावे; शेंडा शाबूत असल्यास मात्र माड तोडण्याची घाई करू नये.