अंबरनाथच्या लेखांतील एक आंकडा

कल्याणच्या पुढें अंबरनाथ येथें शिवाचें पुरातन देऊळ आहे. तें पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें लोक सांगतात. ही गोष्ट आम्हांसही प्रिय आहे. परंतु ती प्रथम कोणास कशी कळली हें शोधूं लागलों, तर ‘वडील सांगत आले’ यापलीकडे कांहीं हातीं लागत नाहीं.

देवळाच्या उत्तरेकडील दारावरच्या शिळेंत मात्र एक लेख कोरलेला आहे. त्यांत शिलाहार राजा मामवाणि याचें नांव व शकाचा आंकडा आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं तो ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला. एक अंक बदलतांच देवळाचें वय दोनशें वर्षांनीं घटलें! आणि भगवानलाल हे तर भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले.

दोघेही थोर विद्वान्; मग मानावें कोणाचें? येथें नांवाकडे न पाहतां दुसरा साक्षी शोधावा. मामवाणीचा वडील बंधु छित्तराज याचा ताम्रपट भांडुप येथें सांपडला आहे. त्याचा शक ९४८. तेव्हां ७८२ खरें धरल्यास धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षें आधीं राज्य करीत होता, असें म्हणावें लागेल!

यांत भाऊ दाजींस कमीपणा नाहीं. त्यांनीं आपलें वाचन छापून पुढें ठेविलें, म्हणूनच तें दुसऱ्यास तपासतां आलें. पांडवांच्या त्या रात्रीचा शक मात्र कोणीच सांगत नाहीं.