डबा संपला तर

२५ जुलै २०२४, पुणे. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि राजाराम पुलापलीकडे एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. अलीकडे आम्ही कर्वेनगरवाले गॅलरीतून मुठेकडे बघत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आईचा फोन आला. बाळ तीन महिन्यांचं. "काकू, पावडरचा डबा तळाला आलाय. या पावसात कुठे मिळणार? उद्यापर्यंत पाणी जरा जास्त घालून पुरवू का?"

आईबाबांनो, तेवढं मात्र करू नका. पातळ दुधानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण पोषण मिळत नाही. शिवाय जादा पाण्यानं रक्तातलं मीठ उतरलं, तर एवढ्याशा जिवाला झटके येऊ शकतात. चहात घालायची दूध पावडर किंवा डब्यातलं गोड घट्ट दूध हाही पर्याय नव्हे. आणि मध? वर्षाच्या आत बोटभरही नको, आजी कितीही म्हणोत.

मग करायचं काय? साध्या पावडरवर असाल आणि नेहमीची कंपनी मिळाली नाही, तर त्याच वयोगटाची दुसरी चालते. डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी खास पावडर दिली असेल तर गोष्ट वेगळी, आधी त्यांना फोन.

आणि अंगावरचं दूध. "आता कुठलं येतंय" असं म्हणून आपण फार लवकर हात टेकतो. दूध मागणीवर येतं. बाळ जितक्या वेळा ओढेल तितका शरीराला निरोप जातो. थोडंफार पाजत असाल तर दिवसरात्रीत आठ-बारा वेळा घ्या, रात्रीची पाळी चुकवू नका. पूर्ण आटलेलंही पुष्कळदा परत येतं, पण एका रात्रीत नाही. त्याला दिवस, कधी आठवडे जातात. तोवर वरचं दूध चालू ठेवावंच लागतं. बाबांनी या काळात स्वयंपाकघर सांभाळावं, सल्ले कमी द्यावेत.

वरचं द्यायचं ते वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. बाटलीचे कोपरे आणि बूच धुणं जिकिरीचं, बोंडलं पटकन उकळून निघतं. आमच्या माळ्यावर एक अजून पडून आहे.

सहा महिन्यांपुढचं बाळ असेल तर फार घोर नाही. पिशवीतलं गाईचं दूध उकळून, पाणी न घालता, थोडे दिवस चालतं. जोडीला मऊ भात, वरण, नाचणीची पेज. सहा महिन्यांच्या आत मात्र गाईच्या दुधाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच. त्यातले क्षार आणि प्रथिनं कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातात, लोहही कमीच.

दुग्धपेढीचं काय, असंही विचारतात. आशियातली पहिली मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ साली निघाली, आपल्याकडे ससूनला आहे. पण ते पाश्चराइज केलेलं दूध मुख्यतः कमी दिवसांच्या, दवाखान्यातल्या बाळांसाठी राखलेलं असतं. दुकानासारखं मागून मिळत नाही.

शू मोजा. दिवसाला सहा दुपटी ओली होत असतील तर बरं चाललंय. बाळ मलूल पडलं, टाळू आत गेली, शू थांबली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

वरच्या बाळाला त्या संध्याकाळी दुसऱ्याच कंपनीचा डबा मिळाला, शेजारच्या इमारतीतून. पहिल्या चमच्याला त्यानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला आ केला.